रस्ता कोणाचा?

घराचा उंबरठा ओलांडला, की आपण रस्त्यावर येतो. उंबरठ्याच्या आतील जागा आपल्या मालकीची असते, किंवा आपण तिचे भाडे भरीत असतो. मग बाहेरच्या रस्त्याचा मालक कोण? दूधवाला त्या रस्त्याने येतो, पोस्टमन येतो, भाजीची पाटी घेतलेली बाई येते, शाळेला निघालेली मुले जातात, काठी टेकीत एखादे आजोबा देवदर्शनाला जातात. यांपैकी कोणीही कोणाची परवानगी विचारीत नाही. रस्ता सर्वांचा आहे, म्हणूनच तो कोणा एकाचा नाही.

ज्या वस्तूवर सर्वांचा सारखा अधिकार असतो, तिची राखण करण्यास एखादा विश्वस्त लागतो. खेड्यात ग्रामपंचायत, लहान नगरात नगरपरिषद आणि मोठ्या शहरात महानगरपालिका ही बहुतेक रस्त्यांची विश्वस्त होय. या संस्थांना आपण स्थानिक स्वराज्य संस्था म्हणतो. विश्वस्ताचे काम केवळ खड्डे बुजविण्याने संपत नाही. रस्त्याची जागा मोजकीच असते आणि ती मागणारे अनेक असतात. त्यांच्यामध्ये तिची न्याय्य वाटणी करणे, हे त्याचे खरे काम आहे. ही वाटणी कशी होते, कोठे चुकते आणि कशी सुधारता येते, ते आपण या पाठात पाहू.

आपला कारभार आपण पाहावा, ही कल्पना आपल्या देशात आधुनिक रूपाने रुजण्यास एकोणिसाव्या शतकात प्रारंभ झाला. महात्मा जोतीराव फुले हे १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांनी केलेल्या ठरावामुळे लोकनियुक्त सभासदांच्या हाती शहराचा कारभार सोपविण्याच्या धोरणास चालना मिळाली. स्वातंत्र्यानंतर, १९५० मध्ये, पुण्याची नगरपालिका महानगरपालिका झाली. पुढे १९९३ मध्ये भारतीय संविधानाची चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती अमलात आली आणि तिने संविधानास बारावी अनुसूची जोडली. नगरपालिकांकडे सोपविता येतील असे १८ विषय या अनुसूचीत दिले आहेत. नगररचना, रस्ते व पूल, रस्त्यावरील दिवे, वाहने उभी करण्याच्या जागा आणि बसथांबे हे सारे त्यांत येतात. बसथांब्यासारखी साधी गोष्टही देशाच्या संविधानात नमूद आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

रस्त्यावरील प्रवाशांत पहिला मान पायी चालणाऱ्याचा. मनुष्य बसने जावो, आगगाडीने जावो की मोटारीने जावो, त्याच्या प्रवासाचा आरंभ आणि शेवट पायीच होतो. चालण्यास परवाना लागत नाही, इंधन लागत नाही आणि पैसाही लागत नाही. दुसरा प्रवासी सायकलस्वार. पायी चालणारा मनुष्य तासाभरात सुमारे पाच किलोमीटर जातो. सायकलस्वार त्याच श्रमात त्याच्या जवळजवळ तिप्पट अंतर कापतो. तिसरा प्रवासी बसने जाणारा. हा आपले आसन अनोळखी शेजाऱ्यासह वाटून घेतो. हे तिघेही रस्त्याची जागा थोडी घेतात, हवा फारशी बिघडवीत नाहीत आणि इतरांची वाट अडवीत नाहीत. असे असूनही रस्त्यावर सर्वांत अधिक धोका यांपैकी पहिल्या दोघांनाच असतो. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२,८२५ जण पायी चालणारे होते. ज्यांनी कोणालाही धडक दिली नाही, ज्यांच्या हाती कोणतेही यंत्र नव्हते, अशी ही माणसे होती. म्हणून रस्त्याच्या वाटणीचा प्रश्न हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. तो माणसांच्या प्राणांचा प्रश्न आहे.

शहराने आपल्या प्रवाशांची जबाबदारी कशी उचलली, याचे एक ठळक उदाहरण मुंबईने घालून दिले आहे. ९ मे १८७४ रोजी मुंबईच्या रस्त्यावर पहिली ट्राम धावली. ती घोडे ओढीत असत. १९०७ मध्ये घोड्यांची जागा विजेने घेतली. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर पहिली बस सुरू झाली. ही सर्व व्यवस्था खासगी कंपनीच्या हाती होती. कंपनी म्हटली, की तिला नफ्यातोट्याचा हिशोब पाहावा लागतो, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु शहराच्या कडेला राहणाऱ्या गिरणी-कामगाराला अथवा परिचारिकेलाही वेळेवर कामावर पोहोचावयाचे असते. तिच्या मार्गावर उतारू थोडे असले, तरी तिची निकड कमी नसते. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या अवघे आठ दिवस आधी, मुंबई महानगरपालिकेने ही कंपनी आपल्या ताब्यात घेतली. 'बेस्ट' या नावाने आजही ओळखला जाणारा उपक्रम तो हाच. ट्रामचा प्रवास ३१ मार्च १९६४ रोजी संपला. बसचा प्रवास मात्र चालू राहिला. पुण्यातही खासगी कंपनीकडे असलेली बससेवा महानगरपालिकेने १९५० मध्ये हाती घेतली, आणि 'पी. एम. टी.' ही तीन अक्षरे पुणेकरांच्या तोंडी बसली. २००७ मध्ये पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन शहरांच्या बससेवा एकत्र करण्यात आल्या.

बस ही पुण्याची गरज होती. सायकल ही मात्र पुण्याची ओळख होती. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत. त्याला कारणेही तशीच होती. पेठा एकमेकींना लागून, अंतरे बेताची, चढउतार थोडे, हवा समशीतोष्ण, आणि शाळा-महाविद्यालयांमुळे विद्यार्थ्यांची वस्ती मोठी. प्राध्यापक सायकलवर, कारकून सायकलवर, कारखान्यातील कामगारही सायकलवर. नगरपालिका सायकलीवर कर घेई आणि कर भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला देई. रात्री दिवा नसला किंवा पुढच्या दांडीवर मित्राला बसविले, तर पोलीस अडवीत. कर होता, नियम होते आणि ते मोडल्यास शिक्षाही होती. याचा अर्थ, रस्त्यावरील एक मानकरी म्हणून सायकलीची शहराच्या दफ्तरी नोंद होती.

पुढे काळ पालटला. कारखाने वाढले, शहर पेठांबाहेर दूरवर पसरले, अंतरे लांबली. स्कूटर आली, मोपेड आली, मोटारसायकल आली आणि कालांतराने मोटारही सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. यात कोणाचा दोष नव्हता. वेळ वाचावा, कुटुंबाला सोबत नेता यावे, उन्हापावसापासून बचाव व्हावा, असे कोणाला वाटत नाही? परंतु प्रत्येकाने स्वतःपुरता घेतलेला शहाणपणाचा निर्णय सर्वांनी मिळून घेतला, म्हणजे त्यातून सर्वांची अडचण निर्माण होऊ शकते. रस्त्यांवर दाटी झाली. दाटी हटावी म्हणून रस्ते रुंद करण्यात आले. रुंदीकरणासाठी कोठे झाडे गेली, कोठे पदपथ अरुंद झाला. पदपथ अरुंद झाला, म्हणून पायी चालणारा रस्त्यावर उतरला. रस्त्यावर भीती वाटू लागली, म्हणून सायकलस्वाराने सायकल विकून स्कूटर घेतली. तेणेकरून दाटी आणखी वाढली. एकातून दुसरे आणि दुसऱ्यातून पुन्हा पहिले, असे हे चक्र सुरू झाले.

हे चक्र समजून घेण्यास साधे अंकगणित पुरेसे आहे. चाळीस माणसांना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जावयाचे आहे, असे समजा. एका मोठ्या बसची लांबी सुमारे १२ मीटर असते आणि तिच्यात ही चाळीस माणसे बसून जाऊ शकतात. तीच माणसे मोटारींतून निघाली आणि प्रत्येक मोटारीत दोघे बसले, तर वीस मोटारी लागतील. एक मोटार सुमारे ४ मीटर लांब धरली, तर वीस मोटारींची लांबी ८० मीटर होते. दोन मोटारींमध्ये एकेक मीटर अंतर सोडले, तर ही रांग जवळजवळ १०० मीटरपर्यंत जाते. माणसे तेवढीच, जागा मात्र आठपट. मुक्कामी पोहोचल्यावरही मोटारीला उभे राहण्यास जागा हवीच. जेथे एक मोटार उभी राहते, तेथे दहा सायकली सहज मावतात. म्हणूनच केंद्र सरकारने २००६ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने असे मानले, की रस्त्याचा विचार वाहने मोजून नव्हे, तर माणसे मोजून करावा.

आता या विचाराप्रमाणे नगरपालिकेने नेमके काय करावयाचे असते, ते पाहू.

पहिली गोष्ट पदपथाची. नुसती फरशी घातली म्हणजे पदपथ होत नाही. भारतीय रस्ते काँग्रेस ही संस्था रस्तेबांधणीचे मानदंड ठरविते. तिच्या मते पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदीची मोकळी जागा असावी. हा आकडा मनःपूत ठरविलेला नाही. चाकांच्या खुर्चीवर बसलेल्या दोन व्यक्ती समोरासमोरून आल्या, तर त्यांना एकमेकींना ओलांडून जाण्यास एवढी जागा लागते. पदपथाची उंचीही १५० मिलिमीटरहून अधिक नसावी. पायरी उंच झाली, की गुडघे दुखणारी आजी ती चढण्याऐवजी रस्त्यावरूनच चालू लागते. अनेक ठिकाणी प्रत्येक घराच्या फाटकापाशी पदपथ खाली उतरविलेला असतो; तेथे चालणाऱ्याला सारखी चढउतार करावी लागते. त्याऐवजी पदपथ सलग ठेवून वाहनाने उतरणीवरून तो ओलांडावा, हे अधिक योग्य. विजेचे खांब, कचऱ्याच्या पेट्या, जाहिरातींचे फलक यांना कडेची स्वतंत्र पट्टी असावी. त्याच पट्टीत झाडे लावली, तर चालणाऱ्याला सावलीही मिळते.

दुसरी गोष्ट रस्ता ओलांडण्याची. समजा, रस्ता २४ मीटर रुंद आहे. तरुण मनुष्य सेकंदाला १.२ मीटर चालला, तर त्याला पलीकडे जाण्यास २० सेकंद लागतील. वृद्ध मनुष्य सेकंदाला ०.८ मीटर चालत असेल, तर त्याला ३० सेकंद लागतील. सिग्नलचा हिरवा दिवा तरुणाच्या गतीने बसविला, तर वृद्ध मनुष्य रस्त्याच्या मध्यावर नसला, तरी पलीकडे पोहोचण्याच्या आतच वाहनांच्या तोंडी सापडेल. रस्त्याच्या मध्यभागी उभे राहण्यास एक सुरक्षित ओटा बांधला, म्हणजे त्याचा प्रवास बारा-बारा मीटरांच्या दोन टप्प्यांत विभागला जातो आणि तो निर्धास्तपणे थांबू शकतो. पुष्कळदा चालणाऱ्यासाठी पूल किंवा भुयार बांधले जाते. परंतु त्यासाठी जिने चढावे-उतरावे लागतात. चाके असलेली वाहने सरळ सपाटीवरून जातात आणि पायांनी चालणाऱ्यांना मात्र चढावे लागते, हे कितपत न्याय्य आहे, याचा विचार तुम्हीच करा.

तिसरी गोष्ट सायकलीची. सायकलस्वाराला वेगवान वाहनांपासून वेगळी, सलग आणि गुळगुळीत वाट हवी. शंभर पावलांवर संपणारी वाट ही वाट नव्हेच. सायकल निर्धास्तपणे उभी करता येईल अशी जागा शाळा, मंडई, बसस्थानक आणि रेल्वे स्थानक येथे असली पाहिजे.

चौथी गोष्ट बसची. बस वेळेवर आली, थांब्यावर छप्पर असले आणि भाडे परवडणारे असले, तर लोक बसकडे वळतात. बससेवेच्या उत्पन्नातून तिचा खर्च भागत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. पुणे व पिंपरी-चिंचवड या महानगरपालिकांना आपल्या संयुक्त बससेवेची तूट दर वर्षी आपल्या तिजोरीतून भरावी लागते. हे पैसे वाया गेले काय? नगरपालिका शाळा चालविते, दवाखाने चालविते, उद्याने राखते. त्यांतून नफा व्हावा, अशी अपेक्षा आपण करीत नाही. बसमुळे जी मोलकरीण वेळेवर कामावर पोहोचते, जी मुलगी दूरच्या महाविद्यालयात शिकू शकते, जो रुग्ण दवाखान्यात जातो, त्यांचा लाभ तिकिटांच्या हिशोबात दिसत नाही. पण तो शहराच्या पदरी पडतोच. अर्थात तूट भरावयाची म्हणून कारभार ढिला ठेवावा, असे मात्र नाही. लोकांचा पैसा जेथे खर्च होतो, तेथे हिशोब चोख असलाच पाहिजे.

या दिशेने पुण्याने काही प्रयत्न केले आहेत. कात्रज, स्वारगेट व हडपसर यांना जोडणाऱ्या मार्गावर २००६ मध्ये बससाठी स्वतंत्र पट्टी राखून ठेवण्यात आली. भारतातील अशा पहिल्या काही प्रयोगांपैकी तो एक होता. परंतु पट्टीत इतर वाहने घुसत, आणि रस्त्याच्या मध्यावरील थांब्यापर्यंत सुखरूप पोहोचणे प्रवाशांना कठीण जाई. या अनुभवानंतर २०१५ मध्ये अधिक काळजीपूर्वक आखलेले नवे मार्ग सुरू झाले. तथापि पुढे काही मार्गांवरील अशा पट्ट्या काढूनही टाकण्यात आल्या. २०१६ मध्ये महानगरपालिकेने पादचाऱ्यांसाठी धोरण स्वीकारले आणि २०१७ मध्ये सायकलींसाठी सर्वंकष आराखडा मान्य केला. याच सुमारास जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद करून झाडांच्या सावलीत बसण्याची सोय करण्यात आली. ११ डिसेंबर २०२१ रोजी पादचारी दिन पाळण्यात आला. त्या दिवशी, एरवी वाहनांनी गजबजलेल्या लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवण्यात आला आणि लोक रस्त्याच्या मधोमध निःशंकपणे फिरले. २०२२ पासून पुण्यात मेट्रोही धावू लागली आहे. परंतु मेट्रोच्या स्थानकापर्यंतची वाट जर चालण्याजोगी नसेल, तर कोट्यवधी रुपये खर्चून उभारलेली ही व्यवस्था शेजारच्या वस्तीलाही दूरच राहील.

या प्रयत्नांत यश आणि अपयश दोन्ही आहेत. यावरून असे दिसते, की आराखडा मंजूर होणे हा कामाचा आरंभ असतो. त्यानंतर ते काम बांधावे लागते, राखावे लागते आणि लोकांना समजावूनही द्यावे लागते.

रस्त्याची वाटणी बदलावयाची म्हटली, की विरोध होतोच. आणि विरोध करणारे सारेच स्वार्थी असतात, असे नाही. दुकानासमोर वाहन उभे करता आले नाही, तर ग्राहक येणार नाही, अशी चिंता दुकानदाराला वाटते. पदपथावर बसून भाजी किंवा फुले विकणाऱ्या बाईचा संसार त्या चार हात जागेवर चालतो. तिला उठवावे, तर तिच्या पोटावर पाय येतो. न उठवावे, तर चालणाऱ्याला रस्त्यावर उतरावे लागते. येथे दोन्ही पक्ष दुबळे आहेत, हे विशेष. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने या प्रश्नाची एक वाट दाखविली आहे. प्रत्येक नगरात पथविक्रेता समिती असावी, तिच्यात विक्रेत्यांचेही प्रतिनिधी असावेत आणि विक्रीसाठी जागा ठरवून द्याव्यात, असे तो सांगतो. विश्वस्ताची कसोटी अशाच प्रसंगी लागते. ज्याचा आवाज मोठा, त्याच्या बाजूने निर्णय देणे सोपे असते. ज्याचा आवाज ऐकू येत नाही, त्याची अडचण ओळखणे कठीण असते. पायी चालणाऱ्यांची संख्या मोठी असते. परंतु चालणारा हा 'चालणारा' म्हणून कधी सभेला येत नाही, निवेदन देत नाही. म्हणून त्याचा विसर पडतो.

अशी वाटणी नव्याने करणे अशक्य नाही, हे दूरच्या एका शहराने दाखवून दिले आहे. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाची राजधानी बोगोटा. तेथे डिसेंबर १९७४ मध्ये काही नागरिकांच्या पुढाकाराने मोठे रस्ते काही तासांसाठी सायकलस्वारांना मोकळे करण्यात आले. ही प्रथा तेथे रुजली. दर रविवारी व सुट्टीच्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत शंभराहून अधिक किलोमीटर लांबीचे रस्ते चालणाऱ्यांसाठी व सायकलस्वारांसाठी खुले असतात. याच शहरात डिसेंबर २००० मध्ये स्वतंत्र पट्टीवरून धावणारी बससेवा सुरू झाली आणि ती पाहण्यास अनेक देशांतील नगररचनाकार जाऊ लागले. बोगोटा हे काही श्रीमंत देशातील शहर नव्हे. आपल्याप्रमाणेच तेथेही दाटी आहे, दारिद्र्य आहे, मतभेद आहेत.

विद्यार्थिमित्रांनो, हा सारा थोरामोठ्यांचा विषय आहे, असे तुम्ही समजाल. तर तसे नाही. तुम्हाला अजून मत देता येत नाही, वाहन चालविता येत नाही. म्हणजे पायी, सायकलवर किंवा बसने जाणाऱ्यांत तुमचीच गणना होते. शाळेसमोरचा रस्ता कसा असावा, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक असणार? नगरपालिका दर वर्षी आपले अंदाजपत्रक तयार करते. पुणे महानगरपालिकेने २००६ पासून नागरिकांनी आपल्या प्रभागातील लहान कामे अंदाजपत्रकासाठी सुचवावीत, अशी पद्धत सुरू केली. पदपथाची दुरुस्ती, बसथांबा, दिवे अशी कामे नागरिक सुचवू शकतात. प्रत्येक प्रभागाला निवडून दिलेले नगरसेवक असतात, आणि प्रत्येक नागरिकाला त्यांच्याकडे अर्ज करण्याचा अधिकार असतो.

अर्ज करावयाचा तर तो नेमका असावा. 'आमच्या भागातील रस्ते वाईट आहेत' एवढे लिहून भागत नाही. कोणत्या चौकापासून कोणत्या चौकापर्यंत पदपथ तुटला आहे, तो किती मीटर रुंद आहे, शाळा सुटताना किती मुले तेथून जातात, त्यांना रस्ता ओलांडण्यास किती वेळ थांबावे लागते, हे मोजून लिहावे. मोजपट्टी, घड्याळ आणि वही एवढ्या साहित्यावर हे काम होते. मोजून सांगितलेली अडचण बाजूस सारणे कोणालाही सोपे नसते.

त्याचबरोबर स्वतःचे आचरणही तपासावे. आपल्या घरची स्कूटर पदपथावर उभी आहे काय? बसमध्ये आपण वृद्धांना जागा देतो काय? सायकल उलट दिशेने चालवितो काय? नगरपालिका पदपथ बांधून देईल. तो मोकळा ठेवणे हे मात्र तिच्या एकटीच्या हातचे नाही.

उद्या शाळेत जाताना वाटेत क्षणभर थांबा आणि रस्त्याकडे पाहा. त्यावर वाहने किती आहेत ते मोजा आणि माणसे किती आहेत तेही मोजा. जागा कोणाला किती मिळाली आहे, हे पाहा. 'रस्ता कोणाचा?' या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात काय दिले आहे, हे तुम्ही वाचलेच आहे. तुमच्या रस्त्याने त्याचे काय उत्तर दिले आहे, ते तुम्हाला तेथे वाचता येईल.

शब्दार्थ

विश्वस्त – दुसऱ्याच्या वस्तूची प्रामाणिकपणे राखण करणारा
न्याय्य – न्यायाला धरून असलेले
अनुसूची – कायद्याला जोडलेली यादी
उतारू – प्रवासी
मानकरी – मानाचा हक्क असलेला
मनःपूत – मनाला येईल तसे
तूट – उत्पन्नापेक्षा खर्च अधिक झाल्याने येणारी कमतरता
पोटावर पाय येणे – उपजीविकेचे साधन नाहीसे होणे
अंदाजपत्रक – पुढील वर्षाच्या जमाखर्चाचा आराखडा

स्वाध्याय

१. रस्त्याला विश्वस्ताची गरज का असते?
२. मुंबई महानगरपालिकेने ट्राम व बस चालविणारी कंपनी केव्हा ताब्यात घेतली? अशी सेवा शहराच्या हाती असण्याचा लाभ काय?
३. पुण्यात सायकली पुष्कळ असण्याची कारणे पाठाच्या आधारे लिहा.
४. कारणे द्या : (अ) पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी. (आ) रुंद रस्त्याच्या मध्यभागी सुरक्षित ओटा असावा.
५. 'एकातून दुसरे आणि दुसऱ्यातून पुन्हा पहिले' असे लेखकाने कशास उद्देशून म्हटले आहे? ते चक्र स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.
६. पुढील शब्दांचे विग्रह करून समास ओळखा : चढउतार, नफातोटा, लोकनियुक्त.
७. वर्गाचे दोन गट करून चर्चा करा : पदपथावरील विक्रेते आणि पायी चालणारे यांच्या अडचणी एकाच वेळी कशा दूर करता येतील?
८. आपल्या शाळेसमोरील रस्त्याची पाहणी करा. मिळालेली माहिती देऊन आपल्या नगरपरिषदेला अथवा ग्रामपंचायतीला अर्ज लिहा.